डागी धान्य कुणाच्या वाट्याला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत उधन्याला जाऊन आलो. मुंबईहून सुरतेकडे जाताना सुरतेच्या अगदी अलीकडे हे जंक्शन लागते. इथूनच जळगावकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत तो खानदेशात उतरतो. त्याच मार्गाने पोट भरायला आलेली खानदेशातली हजारो मराठी कुटुंबे आज उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली आहेत. गल्लीत शिरले की कानावर अहिराणी पडते, दुकानाच्या पाटीवर गुजराती असते आणि लूमचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो.

या सगळ्यात आमची अक्का राहते. अक्का म्हणजे माझी मावसबहीण. आमचे आजोळ जत तालुक्यातले. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि भांडण मात्र दोन्ही भाषांत. लग्न होऊन अक्का उधन्याला गेली त्याला तीस वर्षे झाली. दाजी कपड्याच्या मिलमध्ये होते, आता निवृत्त आहेत. एवढ्या वर्षांत अक्काने गुजराती शिकून घेतली, ढोकळा शिकून घेतला, पण ज्वारी मात्र गावचीच लागते. दरवर्षी होळीच्या सुमारास तिचा भाऊ शाळूची दोन पोती पाठवतो. "बिळि जोळा"ची भाकरी थापल्याशिवाय तिला जेवल्यासारखे वाटत नाही.

मी गेलो त्या दिवशी अक्काने गच्चीवर जुने लुगडे पसरले होते आणि त्यावर दुसरे पोते रिकामे केले होते. पोते पावसाळाभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते. भिंतीला ओल आली होती. वरची ज्वारी पांढरीशुभ्र, मधली थोडी काळपट, आणि तळाची हिरवट-करड्या गठ्ठ्यांची. कुबट वास नाकात बसत होता. मराठीत आपण म्हणतो बुरा आला, कन्नडात म्हणतात बूष्टु.

अक्काने शांतपणे तीन ढीग केले. पांढरा ढीग घरासाठी. काळपट ढीग भांडी घासायला येणाऱ्या बाईसाठी. गठ्ठ्यांचा ढीग गल्लीच्या टोकाला असलेल्या तबेल्यातल्या म्हशींसाठी.

मी म्हटले, "अक्का, हे म्हशींना?"

"मग काय उकिरड्यावर टाकू? अन्न आहे रे ते. आपल्याला चालत नाही, जनावराला काय होतंय? एनू आगूदिल्ल, बिडो."

"आणि नातीला दूध कुठलं?"

"त्याच तबेल्याचं की," अक्का म्हणाली आणि हातातले सूप तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली.

वाचकहो, अक्काची चूक काढण्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या घरात असे तीन ढीग होत आले आहेत. चांगले आपल्याला, मध्यम गड्याला, खराब गुरांना. अन्न वाया घालवू नये हा त्यामागचा संस्कार. संस्कार चांगलाच आहे. पण बुरशीच्या बाबतीत तो कसा उलटतो, हे आपल्या देशात घडलेल्या काही घटनांवरून समजून घेण्यासारखे आहे. मी विज्ञानाचा माणूस नाही. परत आल्यावर महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून समजून घेतले, थोडे वाचले, त्यातले जे घराघरात उपयोगी पडेल ते इथे मांडतो.

बुरशी आणि तिचे विष

सगळी बुरशी विषारी नसते. इडलीचे पीठ किंवा दही आंबते तेही सूक्ष्म जीवांमुळेच. पण धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशा अशा आहेत की त्या वाढताना दाण्यात एक विष सोडतात. बुरशी पुढे मरते, झटकली तर निघून जाते, पण विष दाण्यातच राहते. त्याला रंग नाही, चव नाही, वास नाही. कुबट वास येतो तो बुरशीचा, विषाचा नव्हे. म्हणून वास गेला की धान्य शुद्ध झाले, हा आपला समज खरा नाही.

यातले सर्वांत कुप्रसिद्ध विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्याचा शोध लागला तो जनावरांच्या खाद्यातूनच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला नाव दिले "टर्की एक्स". शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळट-हिरवी बुरशी होती. तिच्या नावातली अक्षरे घेऊन विषाला अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. हे विष यकृतावर घाला घालते. एकदम जास्त पोटात गेले तर कावीळ होऊन माणूस दगावतो. थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि ज्याला कावीळ-ब झालेली आहे त्याला तो धोका अनेक पटींनी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

आपल्याकडे धान्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा टनांचा ट्रक भरून धान्य घेतले तर त्यात सगळे मिळून दीडशे मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. एवढ्या कमी प्रमाणाची भीती का बाळगायची, असे वाटेल. त्याचे उत्तर उधन्यापासून फार दूर नाही.

१९७४चा हिवाळा

सुरतेत इमारतींच्या बांधकामांवर जे आदिवासी मजूर दिसतात, त्यांतले पुष्कळ जण दाहोद-पंचमहाल आणि पलीकडच्या राजस्थानातल्या बांसवाडा भागातले भिल्ल असतात. दाहोद तेव्हा पंचमहाल जिल्ह्यातच होते. या डोंगराळ मुलखाचे मुख्य अन्न मका. १९७४ साली मका काढणीला आला आणि अवेळी पाऊस पडला. कणसे भिजली. वाळवायला ऊन मिळाले नाही. तसाच ओला मका घरात साठवला गेला. घरात दुसरे धान्य नव्हते, विकत घ्यायला पैसा नव्हता. बुरशी दिसत असूनही लोकांनी तोच मका दळला आणि खाल्ला.

काही आठवड्यांत कावीळ सुरू झाली. आधी बारीक ताप, मग डोळे पिवळे, मग पोटात पाणी भरून पोट नगाऱ्यासारखे. पंचमहाल आणि बांसवाडा मिळून दीडशेहून अधिक गावांत ही साथ पसरली. एका अंदाजानुसार ३९७ लोक आजारी पडले आणि १०६ मेले. कावीळ म्हटली की दूषित पाणी हेच आपल्या डोक्यात येते. पण इथे एक वेगळी खूण होती. त्याच घरांतली कुत्रीही तशीच पोटे फुगून मरत होती. जे घरात शिजत होते तेच कुत्र्यापुढे पडत होते. पाण्यातून येणारी माणसाची कावीळ कुत्र्याला होत नाही. तेव्हा दोष अन्नात असणार, याकडे त्या मुक्या जनावरांनी बोट दाखवले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मक्याचे नमुने तपासले. किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅमच्या घरात अफ्लाटॉक्सिन निघाले. आजच्या मर्यादेच्या साधारण चारशे ते हजार पट. माणशी दररोज दोन ते सहा मिलिग्रॅम विष महिनाभर पोटात जात असावे, असा हिशेब त्यांनी मांडला. १९७५ साली हा अहवाल "लॅन्सेट" या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि माणसांतल्या अफ्लाटॉक्सिनच्या साथीचे उदाहरण म्हणून तो आजही जगभर सांगितला जातो.

या साथीबद्दलच्या दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. साथ फक्त मका हेच मुख्य अन्न असलेल्या आदिवासींत आली, हे एक. म्हणजे विष पावसाने आणले हे खरे, पण ते कुणाच्या ताटात जावे हे गरिबीने ठरवले. दुसरी गोष्ट अशी, की पुढच्या वर्षी, १९७५ साली, त्याच भागातला मका तपासला तेव्हा त्यात विषाचे प्रमाण अगदी कमी निघाले आणि तो खाऊन कुणी आजारी पडले नाही. जमीन तीच, बियाणे तेच, माणसे तीच. फरक पडला तो काढणीच्या वेळच्या पावसाचा आणि वाळवणीचा.

तीस वर्षांनी, २००४ साली, केनियाच्या पूर्व भागात हेच पुन्हा घडले. ओला साठवलेला मका, कावीळ, ३१७ आजारी आणि १२५ मृत्यू. तिथेही टंचाईचे दिवस होते आणि तिथेही तो घरचा मका होता.

आपल्या भाकरीची गोष्ट

हे सगळे मक्याचे झाले, आपण ज्वारी-बाजरीवाले, असे म्हणून सुटता येणार नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या काही गावांत, काढणीच्या वेळी पावसाने ज्वारी आणि मका भिजला. त्या बुरसटलेल्या दाण्याची भाकरी खाल्ल्यावर लोकांच्या पोटात कळा येऊ लागल्या, पोट गुडगुडू लागले, जुलाब सुरू झाले. २७ गावांतल्या १,४२४ लोकांना हा त्रास झाल्याची नोंद आहे. इथे विष वेगळे होते, फ्युमोनिसिन नावाचे. ते फ्युजेरियम या बुरशीतून येते. सुदैवाने ती भाकरी बंद केली की माणसे बरी होत होती, कुणी दगावले नाही. पण खाणारे कोण होते? पुन्हा तेच, ज्यांच्या घरात दुसरे धान्य नव्हते ते.

बाजरीचा अनुभव तर त्याहून जुना आहे. बाजरीच्या कणसावर फुलोऱ्याच्या वेळी चिकट मधासारखा द्रव दिसतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी तयार होतात. तो अरगट रोग. युरोपात मध्ययुगात रायवरच्या अरगटाने माणसांची बोटे झडत. बाजरीच्या अरगटातले विष वेगळ्या जातीचे असल्याने तसे होत नाही, पण मळमळ, उलट्या, चक्कर आणि न हटणारी झोप येते. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात, म्हणजे आपल्याच बाजूला, अशी साथ येऊन गेली आणि तिची नोंद १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली. आमच्या आजोळी एक म्हातारी "बाजरी चढली" असे म्हणायची. लहानपणी आम्हाला ते ऐकून हसू यायचे. आता वाटते, त्या शब्दामागे कुणाचा तरी भोगलेला अनुभव असणार.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांनी शाळूवर विश्वास टाकला, त्यालाही कारण होते. रब्बीची ज्वारी जानेवारी-फेब्रुवारीत कोरड्या हवेत पिकते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळची मालदांडी घ्या किंवा विजापूरकडची पांढरी जोळ घ्या, दाणा पिकताना आभाळ मोकळे असते. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि खरिपात लवकर येणाऱ्या ज्वारीचे उत्पन्न वाढले. पण ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात सापडू लागली आणि दाणा काळा पडू लागला. "हायब्रीडची भाकरी काळी" ही तक्रार ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे आठवेल. तो काळेपणा म्हणजे दाण्यावरची बुरशीच होती.

साठवणीचेही तेच. जत, मंगळवेढा, इंडी या कोरड्या मुलखात पेवात धान्य वर्षानुवर्षे टिकायचे. कन्नडात त्याला हगेव म्हणतात. पेव उघडले की कुणी लगेच आत उतरत नसे. आतली हवा जीव घेते हे माहीत असल्याने कंदील सोडून बघत. आणि पेवाच्या कडेचे, भिंतीला लागलेले धान्य वेगळे काढत. पण वेगळे काढून ते जायचे कुठे? गड्यांना आणि बैलांना! अक्काचे तीन ढीग तिने शोधलेले नाहीत, ते आमच्या आजोबांच्या पेवातून आले आहेत. फरक एवढाच, की जतच्या कोरड्या हवेत टिकणारा दाणा समुद्राजवळच्या दमट सुरतेत टिकत नाही. कोरडा दाणा हवेतली ओल शोषून घेतो. गावची ज्वारी शहरात नेली, पण गावची हवा नेता येत नाही.

गोठ्यातून पेल्यात

आता तिसऱ्या ढिगाकडे येऊ. गाय-म्हैस ही कोंबडीपेक्षा चिवट. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात यातले काही विष मोडते. त्यामुळे बुरसट चारा खाऊन जनावर लगेच मरत नाही आणि आपल्याला वाटते, काही होत नाही. पण अफ्लाटॉक्सिनचा काही भाग, साधारण शंभरात एक ते तीन, जनावराच्या यकृतात रूप बदलतो आणि दुधात उतरतो. त्याला अफ्लाटॉक्सिन एम-१ म्हणतात. एम म्हणजे मिल्क. सकाळी खाल्लेले विष दुसऱ्या दिवसाच्या धारेत दिसू लागते. दूध उकळून ते जात नाही. दही, ताक, पनीर केले तरी राहते. लहान मूल वजनाच्या मानाने सर्वांत जास्त दूध पिते, म्हणून सर्वांत जास्त वाटा त्याचा.

हे केवळ पुस्तकी नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. निष्कर्ष २०१९ साली जाहीर झाले. दुधात युरिया, डिटर्जंट घालतात म्हणून आपण ओरडतो, पण तशी भेसळ फारच थोड्या नमुन्यांत निघाली. अफ्लाटॉक्सिन एम-१ मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे शंभरात पाच-सहा नमुन्यांत, मर्यादेपेक्षा जास्त होते. ही मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. आणि हे प्रमाण सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या पिशवीच्या दुधात अधिक आढळले. म्हणजे तबेला सोडून पिशवी घेतली की सुटलो, असेही नाही. कुणी मुद्दाम घातलेली ही भेसळ नव्हे. ती पेंडीतून, मक्याच्या भरड्यातून, भिजलेल्या कडब्यातून न कळत आलेली आहे.

सरकी पेंड आणि शेंगदाणा पेंड (आपल्याकडे कन्नड घरांत जिला हिंडी म्हणतात) ही या बुरशीची आवडती ठिकाणे. पावसाळ्यात पेंडीचे पोते गोठ्यात जमिनीवर ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडून ओलसर पेंड दोन-दोन दिवस ठेवायची, ही आपली रीत. एक दिलासा मात्र आहे. खराब खाद्य बंद केले की तीन-चार दिवसांत दुधातले विष जवळजवळ नाहीसे होते. चूक लवकर सुधारण्याची एवढी संधी निसर्ग क्वचितच देतो.

कोंबड्यांचे याहून नाजूक. उधन्याहून खानदेशात जाताना नवापूर स्टेशन लागते. त्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ते बघून घरच्यासारखे वाटते. या नवापूर परिसरात कुक्कुटपालनाचा मोठा व्यवसाय आहे आणि कोंबडीखाद्याचा कणा असतो मका. मक्यातले अफ्लाटॉक्सिन कोंबडीचे यकृत बिघडवते, अंडी कमी करते आणि रोगाशी झगडण्याची ताकद कमी करते. शहाणे व्यावसायिक म्हणूनच मका घेताना ओलावा मोजल्याशिवाय घेत नाहीत. जी काळजी धंद्यातला माणूस कोंबड्यांसाठी घेतो, ती आपण आपल्या पोरांसाठी घेत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

घरी काय करावे?

पहिली गोष्ट, धान्य भरण्याआधी ते खरोखर वाळले आहे का ते पाहा. आपल्या आया दाणा दातांखाली धरून बघत. "कट्" आवाज आला तर वाळला, चेपला तर ओला. आणखी एक सोपी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवा. मीठ काचेला चिकटले तर धान्यात शंभरात पंधराहून जास्त ओल आहे, अजून उन्हात घाला. साठवणीसाठी ज्वारी-मक्यात ओल बाराच्या आसपास असावी. भुईमुगात याहूनही कमी, आठच्या आत. शेंग कानाशी हलवली की दाणा वाजला पाहिजे.

दुसरी गोष्ट, पोते जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका. खाली फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. दमट गावात राहणाऱ्यांनी वर्षाची बेगमी करण्याचा हट्ट सोडावा. दोन महिन्यांचे धान्य घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे, बाकीचे गावीच कोरड्या जागेत राहू द्यावे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर थोडे थोडे मागवावे. दळणही महिन्याचे एकदम नको, ओल पिठाला आधी लागते.

तिसरी गोष्ट, निवडणे. हे काम आता मागे पडले आहे, पण त्याला मोठे मोल आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते, ते थोड्या खराब दाण्यांत एकवटलेले असते. सुरकुतलेले, काळे पडलेले, किडलेले, फुटके दाणे काढले की विषाचा बराचसा भाग जातो. शेंगदाण्यात तर हे जास्तच खरे आहे. चटणीसाठी शेंगा कुटताना डागी दाणे "कुटले की कळत नाही" म्हणून घालू नका. बाजरीत अरगटाच्या गाठी असतील तर कृषी खात्याचा बियाण्यासाठीचा जुना उपाय आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी सोडायची. हलके, रोगट दाणे आणि गाठी वर तरंगतात, त्या काढून जाळायच्या. खालचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकदा गठ्ठे धरले, हिरवट बुरशी चढली, की ते धान्य गेले असे समजा. ऊन दाखवले तर बुरशी थांबते, विष निघत नाही. धुतले, भाजले, दळले तरी ते राहते. असे धान्य गुरांना नाही, कोंबड्यांना नाही, चिमण्या-कबुतरांनाही नाही. खड्डा करून पुरावे. जिवाला लागते, मान्य आहे. पण लागू द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी पोते भिंतीला टेकवले जाणार नाही.

मधला ढीग

गठ्ठ्यांचा ढीग अक्काने त्याच संध्याकाळी दाजींकडून मागच्या पडीक जागेत पुरून घेतला. पांढरा ढीग पुन्हा दोनदा निवडला. राहिला मधला, काळपट ढीग. अक्का जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "अरे, आठवड्यापूर्वी मी वरची थोडी काळी निघालेली तिला दिली की. तीन-चार किलो असेल."

ती बाई दाहोदकडची. नवरा बांधकामावर, दोन लहान मुले. जवळच्याच पत्र्याच्या खोलीत राहते. अक्का पांढऱ्या ज्वारीची पिशवी भरून निघाली, मी तिच्याबरोबर गेलो. दिलेले परत मागायला जायचे, आणि तेही कामवालीकडे, हे अक्कासारख्या मानी बाईला सोपे नव्हते. दारात उभी राहून गुजरातीत तिने कसेबसे सांगितले, ती ज्वारी खराब होती, परत दे, ही घे.

बाईने निम्मी दळून आणली होती. उरलेली डब्यात होती, ती काढून दिली. अक्का म्हणाली, "तुला काळी दिसली नाही का ग?"

ती म्हणाली, "दिसली ना. पण तुम्ही दिली, म्हणजे खायला चालत असेल असं वाटलं."

परतताना अक्का काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने ती पिशवीही पुरायला काढली आणि मला म्हणाली, "तमा, आता पावसाळ्यात एकच पोतं मागवायचं. आणि ते उघडलं की आधी दोघींनी मिळून निवडायचं, मी आणि ती. जे आमच्या घरात शिजेल तेच तिच्या घरात."